तारीख आणि हिशेब एकाच पानावर



पालकसभा संपल्यावर वर्गाबाहेर थांबून बोलणारे आईबाबा बहुतेक वेळा दोनपैकी एक तक्रार घेऊन आलेले असतात. ‘याला पैशाची किंमतच नाही, हातात आला की संपला,’ ही एक. ‘हिला वेळेचं भानच नाही, सगळं शेवटच्या रात्री,’ ही दुसरी. पहिलीवर आपण गल्ला आणून देतो आणि दुसरीवर भिंतीला वेळापत्रक चिकटवतो. दोन्ही उपाय थोडे दिवस चालतात आणि मग थंडावतात.

वर्गात मुलांसोबत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. पैसा सांभाळायला आणि वेळ सांभाळायला मुलाला एकच गोष्ट जमावी लागते. आज हातात आहे त्यातलं थोडं उद्यासाठी राखून ठेवणं. आणि माणूस उद्यासाठी राखून ठेवतो तो उद्यावर भरवसा असेल तरच. हा भरवसा सांगून येत नाही. घरातली मोठी माणसं शब्दाला किती पक्की आहेत हे बघत बघत तो मुलांच्या मनात तयार होतो. म्हणून वेळ आणि पैसा हे दोन विषय वेगवेगळे शिकवू नका, एकत्र शिकवा, आणि सुरुवात आपण दिलेल्या शब्दापासून करा, एवढंच मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

थांबायला भरवसा लागतो

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. मुलासमोर आवडीचा खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, आत्ता खाल्लास तर एवढाच, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. जी मुलं थांबू शकली ती पुढे किशोरवयात अभ्यासात सरस दिसली. हा निष्कर्ष जगभर पसरला आणि मुलाला धीर आहे की नाही, यावर त्याचं सगळं भविष्य अवलंबून आहे असं पालकांना वाटू लागलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच प्रश्न बऱ्याच मोठ्या आणि वेगवेगळ्या थरांतल्या मुलांच्या गटावर तपासला. घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर तो संबंध खूपच फिका पडला. त्याआधी, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास तर प्रत्येक पालकानं समजून घ्यावा असा आहे. त्यांनी ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांना घेतलं. खाऊचा प्रयोग करण्याआधी प्रत्येक मुलाला चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, ‘जरा थांबलास तर याहून छान रंग आणून देते.’ निम्म्या मुलांना खरोखर छान रंग मिळाले. उरलेल्या निम्म्यांकडे प्रयोग घेणारी ताई रिकाम्या हातानं परतली आणि म्हणाली, रंग नाहीतच. मग असंच स्टिकरच्या बाबतीतही झालं. त्यानंतर खाऊ पुढे आला. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याशी पाळला नव्हता ती ३ मिनिटांत खाऊन मोकळी झाली.

ज्याला दोनदा रिकामा हात दिसला आहे, त्यानं समोरचा खाऊ लगेच खाणं यात अधीरपणा काय आहे? त्यानं अनुभवावरून बरोबर हिशेब केला. आता आपल्या घरात या. ‘रविवारी नक्की जाऊ’ असं आपण किती सहज म्हणतो आणि रविवार निघून जातो. ‘तुझ्या वाढदिवसाचे पैसे मी जपून ठेवते’ असं म्हणून घेतलेली पाकिटं घरखर्चात मिसळतात आणि पुढे त्यांचा विषयही निघत नाही. पहिल्यात मुलाचा वेळ बुडतो, दुसऱ्यात पैसा, आणि दोन्हींतून मुलगा शिकतो ते एकच. राखून ठेवलेलं परत मिळत नाही. अशा मुलाला बचतीचं महत्त्व सांगून उपयोग होत नाही.

कधी अडचण येतेच. ओव्हरटाइम लागतो, पगार लांबतो, घरात आजारपण निघतं. तेव्हा चांगला कर्जदार करतो तेच करा. मुदत उलटण्याआधी स्वतःहून सांगा, कारण सांगा आणि नवी तारीख द्या. ‘या रविवारी जमत नाही, पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता’ असं ऐकलेलं मूल रुसेल, पण त्याचा भरवसा तुटणार नाही. ‘बघू नंतर’ यानं मात्र तुटतो.

तारीख बदलली की रक्कम बदलते

वेळेची आणि पैशाची गाठ मुलांना कळावी म्हणून वेगळं पुस्तक आणावं लागत नाही. घरातले कागद पुरतात. विजेचं बिल घ्या. महावितरणच्या बिलावर लवकर भरलं तर किती, देय तारखेपर्यंत किती आणि तारीख उलटल्यावर किती, अशा वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात. वीज तेवढीच जळलेली, मीटर तोच, फक्त तारीख वेगळी. पाचवी-सहावीतल्या मुलीला पहिल्या आणि शेवटच्या रकमेतला फरक काढायला सांगा. वर्षाच्या बारा बिलांचा फरक तिनंच मांडला की वेळेवर काम करण्याबद्दल तुम्हाला वेगळं बोलावं लागणार नाही.

गणपतीला कोकणात जाणारी घरं हेच रेल्वेच्या तिकिटात बघतात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं, पूर्वी ते १२० दिवस आधी व्हायचं. ज्यांनी तारीख मोजून ठेवलेली असते ते पहिल्या काही मिनिटांत नेहमीच्या भाड्यात जागा मिळवायला बसतात. ज्यांची ती तारीख हुकली त्यांना तत्काळमध्ये त्याच गाडीच्या तशाच बाकासाठी जादा पैसे मोजावे लागतात, किंवा खासगी बसचं सणाचं भाडं. गावाला जायचं ठरलं की आठवीतल्या मुलाला हे काम द्या. साठ दिवस मागे मोजून तारीख काढ, तिकीट-जेवण-रिक्षा यांचा अंदाज मांड, आणि दोन्ही एकाच कागदावर लिही. त्याला एका कामातून कॅलेंडरही येईल आणि अंदाजपत्रकही.

थोड्या मोठ्या मुलांना बँकेचं गणित दाखवा. पीपीएफ खात्यात व्याज मोजलं जातं ते महिन्याच्या ५ तारखेनंतर अखेरपर्यंत खात्यात असलेल्या कमीत कमी शिलकीवर. म्हणजे ५ तारखेपर्यंत भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेला भरलेल्याला मिळत नाही. दर ७.१ टक्के धरला आणि वर्षाचे दीड लाख एकदम भरायचे असतील, तर त्या एका दिवसाची किंमत ८८७ रुपये होते. आणि जो माणूस एप्रिलमध्ये भरायचं ते कर वाचवण्याच्या घाईत पुढच्या मार्चअखेरीस भरतो, तो त्या वर्षाचे १०,६५० रुपये सोडून देतो. दोघांनी भरलेली रक्कम सारखीच, भरण्याचा दिवस तेवढा वेगळा.

चक्रवाढीची गंमतही मुलांना लवकर दाखवावी. ७२ या आकड्याला व्याजाच्या दरानं भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण मिळतात. ७.२ टक्के दर असेल तर १० वर्षं. म्हणजे १०,००० रुपयांचे १० वर्षांत २०,०००, २० वर्षांत ४०,००० आणि ३० वर्षांत ८०,०००. पहिल्या दहा वर्षांत दहा हजारच वाढले, शेवटच्या दहा वर्षांत चाळीस हजार. उशिरा सुरुवात करणाऱ्याच्या हातून ही शेवटची, सगळ्यात भरघोस वाढीची वर्षं जातात, हे दहावीतली मुलगी कागदावर करून बघते तेव्हा तिचे डोळे चमकतात.

भिशी तर आपल्या आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या चालवत आल्या आहेत. दहा जणी दर महिन्याला हजार रुपये भरतात, प्रत्येकीला एकदा दहा हजार मिळतात. वरवर सगळ्या सारख्याच. पण पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला ते बिनव्याजी कर्ज असतं, जिची शेवटी निघते तिची ती बिनव्याजी बचत असते. पुढच्या वेळी भिशी असेल तेव्हा मुलीला जवळ बसवा आणि विचारा, तुला कितव्या महिन्यात घ्यायला आवडेल आणि का? अर्थशास्त्राच्या पुस्तकातला मोठा धडा तिला तिथेच समजेल. शिवाय ही सगळी व्यवस्था एकमेकींच्या शब्दावर उभी असते, हेही तिला कळेल.

रोजचं थोडं

उडुपीत सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं १९२८ मध्ये पिग्मी ठेव आणली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचा. आजही आपल्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट बाजारपेठेतल्या दुकानांतून संध्याकाळी फिरताना दिसतात. भाजीवालीला महिनाअखेरीस एकदम तीन हजार काढणं जड जातं, रोजचे शंभर देता येतात.

अभ्यासाच्या बाबतीतही रोजच्या थोड्याची ताकद मोठी आहे, आणि त्याला चांगला आधार आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मोजून दाखवला आणि पाठांतर एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा वाटून केलं तर जास्त टिकतं हेही सांगितलं. पुढच्या शंभराहून जास्त वर्षांत हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं गेलं आहे. रविवारी सलग दोन तास आणि सोमवार ते शनिवार रोज वीस मिनिटं, दोन्हींची बेरीज १२० मिनिटंच होते. पण रोजच्या वीस मिनिटांतलं जास्त दिवस लक्षात राहतं. मुलाला ‘आळशी आहेस’ म्हणण्याऐवजी हा हिशेब सांगा. वेळ पेटीत साठवून ठेवता येत नाही, पण रोजच्या वीस मिनिटांतून आलेलं ज्ञान साठतं.

परीक्षेच्या पेपरातही मुलं नकळत अंदाजपत्रकच चालवत असतात. दहावीच्या बोर्डात गणिताच्या एका भागाचा पेपर ४० गुणांचा आणि २ तासांचा. म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. तीन गुणांच्या उदाहरणावर जो हट्टानं वीस मिनिटं घालवतो, तो वरची ११ मिनिटं पुढच्या उदाहरणांकडून काढून घेतो. दुकानात आवडलेल्या एका वस्तूवर सगळे पैसे घालवून बाकीची यादी तशीच घरी आणणारा मुलगा आणि हा मुलगा एकाच जागी चुकतात. एकाला समजावताना दुसऱ्याचं उदाहरण द्या, लवकर समजतं.

उद्याकडून घेतलेलं उसनं

सेंधिल मुल्लैनाथन हे अर्थतज्ज्ञ आणि एल्डार शफीर हे मानसशास्त्रज्ञ. ‘स्कार्सिटी’ या २०१३ च्या पुस्तकात दोघांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे. पैशाची तंगी आणि वेळेची तंगी माणसाला सारखंच वागायला लावते. समोरची निकड तेवढी दिसते, बाकीचं नजरेआड होतं, आणि माणूस उद्याकडून उसनं घेऊन आजची वेळ मारून नेतो. त्यांच्या एका प्रयोगात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना वेळ लावून खेळायचा प्रश्नोत्तरांचा खेळ दिला. पुढच्या फेरीतले सेकंद आत्ता उसने घेता येत होते, पण एका सेकंदाला दोन सेकंद फेडायचे. ज्यांना मुळात कमी वेळ दिला होता त्यांनी जास्त उसने घेतले आणि शेवटी कमी गुण मिळवले. उसनवारीची सोय नव्हती तेव्हा तेवढाच कमी वेळ मिळालेल्यांची कामगिरी बरी होती. ही हुशार मुलं होती, तरीही तंगीनं त्यांना सावकाराच्या दारात नेलं.

याच अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचाही अभ्यास केला. ऊस तुटण्याआधी, हात तंग असताना, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीच्या चाचण्या जड गेल्या. पीक विकून पैसे आल्यावर त्याच माणसांनी त्या चांगल्या सोडवल्या. पैशाची काळजी डोक्यातली जागा खाते. म्हणून घरात हप्त्यांची ओढाताण चालू असेल आणि त्या दिवसांत मूल विसराळू झालं, वेळा चुकवू लागलं, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवू नका. घरातला ताण तेही उचलत असतं.

आता या उसनवारीत आपण मुलांना कशी मदत करतो ते पाहू. रात्री नऊला मुलगी सांगते, उद्या प्रोजेक्ट द्यायचा आहे. बाबा गाडी काढून उघडं दुकान शोधतात, कार्डशीट आणतात, आई बारापर्यंत चित्रं कापून चिकटवते. याच घरात महिन्याच्या वीस तारखेला खाऊचे पैसे संपले म्हणून मुलीनं पन्नास रुपये मागितले तर ठाम नकार मिळतो, कारण ‘सवय लागेल’. पैशाची सवय लागू नये म्हणून आपण जपतो आणि वेळेची उधारी मात्र व्याजासह स्वतः फेडतो. नियम दोन्हीकडे एकच ठेवा. प्रोजेक्ट अपुरा गेला, दोन गुण गेले, बाई रागावल्या, तर ते सोसू द्या. शेजारी बसा, धीर द्या, पुढच्या वेळची तारीख कधी धरायची ते तिच्याकडूनच काढून घ्या, पण कात्री हातात घेऊ नका. पाचवीत दोन गुणांना मिळणारा हा धडा पंचविसाव्या वर्षी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर, महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याजानं, फार महाग पडतो.

थोडी शिल्लक मोकळी ठेवा

पैशाच्या बाबतीत शहाणा माणूस सगळा पगार वाटून टाकत नाही, अडीअडचणीला काही बाजूला ठेवतो. मुलांच्या वेळेच्या बाबतीत मात्र आपण शेवटचा रुपयादेखील खर्च करतो. शाळा, शाळेनंतर क्लास, मग अबॅकस किंवा तबला, शनिवारी पोहणं, रविवारी स्पर्धा परीक्षेची टेस्ट. अशा आठवड्यात एका दिवसाचा ताप आला की सगळं घर कोलमडतं.

‘स्कार्सिटी’मध्येच अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या एका रुग्णालयाची हकिगत आहे. तिथली शस्त्रक्रियागृहं नेहमी भरलेली असायची. अचानक रुग्ण आला की ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागत, डॉक्टर रात्री उशिरापर्यंत अडकत. सल्लागारानं सुचवलं की एक खोली कायम रिकामी ठेवा, फक्त अचानक येणाऱ्यांसाठी. ऐकायला उलटं वाटलं, पण तसं केल्यावर रुग्णालयात आधीपेक्षा जास्त शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुलाच्या आठवड्यातही अशी एक रिकामी संध्याकाळ हवी. तिचं काय करायचं ते त्यानं ठरवावं. तो नुसता लोळला, गच्चीवर गेला, तीच तीच गाणी ऐकत बसला, तरी तो वेळ वाया गेला असं म्हणू नका. जो स्वतःचा मोकळा वेळ स्वतः वापरून बघत नाही त्याला वेळ सांभाळायचा सराव कधी होणार? ज्याच्या हातात कधी पैसेच दिले नाहीत त्याला पैसे सांभाळता येत नाहीत, तसंच हे आहे.

नवीन क्लास लावताना त्याचं बिल दोन नाण्यांत मांडा. फी किती, आणि जाण्यायेण्यासकट आठवड्याचे तास किती. हे तास झोपेतून निघणार आहेत, खेळातून की आजीबरोबरच्या गप्पांतून, तेही लिहा. कागदावर आल्यावर बऱ्याच घरांचा निर्णय बदलतो.

घरात कुणाचा वेळ फुकट आहे?

आता जरा अवघड बोलतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांमध्ये बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. शिवाय त्या दिवशी अशा कामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या आणि पुरुष २६ टक्के. बाईची ही पाच तासांची रोजची ठेव घराच्या कुठल्याच वहीत जमा होत नाही.

मुलं हे बघत वाढतात. ज्या घरात आईचा वेळ मोजला जात नाही त्या घरातला मुलगा शिकतो की काही माणसांचा वेळ फुकट असतो. हवा तेव्हा मागावा, उठवावं, थांबवून ठेवावं. असा मुलगा स्वतःच्या वेळेची किंमत कदाचित करेल, पण दुसऱ्याच्या वेळेची करणार नाही, आणि उद्या त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही ते सोसावं लागेल. म्हणून मुलगा असो की मुलगी, वयानुसार घरातलं एक काम कायमचं त्यांच्या नावावर करा. पाणी भरणं, ताटं घेणं, कपड्यांच्या घड्या, दळण. त्याचे पैसे देऊ नका. घर सगळ्यांचं आहे, कामही सगळ्यांचं. फक्त एकदा बसून मोजा की त्या कामानं आईची किती मिनिटं सुटली आणि त्या मिनिटांचं काय करायचं ते आईलाच ठरवू द्या. बाबांनीही आपलं काम त्याच यादीत लिहावं. मुलं यादीपेक्षा यादी पाळणाऱ्याकडे जास्त बघतात.

एक पान

यातलं काय काय करायचं असं विचाराल, तर मी एकच पान सुचवीन. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं कालनिर्णय कित्येक मराठी घरांच्या भिंतीवर असतं. मागच्या पिढीच्या गृहिणी त्याच्या चौकटींत दुधाचे लिटर मांडायच्या, गॅस लावल्याची तारीख लिहायच्या, पेपरचे खाडे नोंदवायच्या. चतुर्थी, मुलाची चाचणी आणि विम्याचा हप्ता एकाच पानावर असायचे. ती सवय मोबाइलच्या आठवणींत विरली, पण मोबाइलमधलं फक्त एकाला दिसतं. भिंतीवरचं घरातल्या सगळ्यांना दिसतं, मुलांनाही. हे पान पुन्हा वापरात आणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास सगळ्यांनी बसून हप्ते, बिलं, परीक्षा, वाढदिवस, प्रवास आणि मुलांना दिलेले शब्द त्यावर लिहा. महिनाअखेरीला काय हुकलं आणि त्याची किंमत किती पडली तेही बोला, पण आवाज न चढवता.

खाऊचे पैसे ठरलेल्या दिवशी द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला, कारण त्याच्यासाठी महिना फार लांब असतो. सातवी-आठवीपासून महिन्याचे एकदम द्या, म्हणजे तीस दिवस ताणायचा सराव होईल. तुम्हीच दोन दिवस उशीर केलात तर तो उशीर कॅलेंडरवर लिहा, मुलाला न्याय वाटेल. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांना स्वतःच्या सहीनं चालवता येणारं बचत खातं बँकेत किंवा टपाल कार्यालयात उघडता येतं. सुकन्या समृद्धी खातं मात्र मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावं लागतं. वर्षाला किमान २५० रुपये, १५ वर्षं भरायचे आणि २१ वर्षांनी मुदत पूर्ण. हे खातं तिच्या नावानं उघडणं पुरेसं नाही. वर्षातून एकदा पासबुक तिच्या हातात द्या. आपल्या नावावर कुणीतरी दरवर्षी न चुकता काहीतरी ठेवतं आहे, हे पाहून ‘उद्या’ ही गोष्ट तिला खरी वाटू लागते.

ही तुलना कुठे थांबते

शेवटी एक सावधगिरी. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४८ मध्ये एका तरुण व्यावसायिकाला सल्ला देताना वेळ म्हणजे पैसाच असं सांगितलं. दिवसाला दहा शिलिंग कमावू शकणारा माणूस अर्धा दिवस नुसता बसला तर त्यानं पाच शिलिंग गमावले, असा त्यांचा हिशेब होता. धंद्याच्या बाबतीत तो बरोबर आहे. घरात तो पूर्ण लागू पडत नाही. पैसा हरवला तर पुन्हा मिळवता येतो, व्याजानं वाढतो, बँकेत थांबतो. मुलाचं सातवं वर्ष कुठेच थांबत नाही आणि पुढच्या वर्षी दुप्पट देऊन परतही आणता येत नाही.

म्हणून वेळेचं देणं पैशानं फेडू नका. दिवसभर घराबाहेर राहावं लागतं, लोकलच्या गर्दीत तास जातात, याचं वाईट वाटून आपण महाग खेळणं आणतो, नवा फोन देतो. मूल खूश होतं, पण एक चुकीचा विनिमय शिकतं, की माणूस न येता वस्तू आली तरी चालतं. उद्या तेही आपल्या माणसांशी असंच वागेल. त्यापेक्षा रोजची वीस मिनिटं ठरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. कमी वाटतील, पण ती ठरल्या वेळी रोज आली तर मूल दिवसभर त्यांच्या भरवशावर राहतं.

आजच घरी गेल्यावर मुलाला एक छोटा शब्द द्या. तारीख आणि वेळ सांगून द्या, त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहा, आणि काहीही झालं तरी तो पाळा. मग दुसरा द्या. असे शब्द पाळले गेले की बचत आणि वेळापत्रक या दोन्ही गोष्टी शिकवताना तुमचं बोलणं मुलाला खरं वाटेल, आणि तुमच्याइतकं खरं वाटेल असं बोलणारं त्याला दुसरं कुणी नाही.